चाँदबीबी : पाथरीच्या घराण्याची लेक, दोन तख्तांची अमानतदार

मानवत : चाँदबीबी हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. अहमदनगरच्या किल्ल्याचा तट फुटला आहे, धुरळा उडाला आहे आणि त्या खिंडारात चेहऱ्यावर नकाब, हातात नंगी तलवार घेऊन एक बाई उभी आहे. शाळेच्या पुस्तकातून, नाटक-कादंबरीतून हेच चित्र आपल्यापर्यंत पोहोचलं. ते खोटं नाही. पण तो त्या बाईच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यातला फक्त एक दिवस होता. बाकीचं आयुष्य तिने कसं काढलं, कोणासाठी काढलं, हे आपण फारसं विचारत नाही.

म्हणून आज आम्ही लढाईच्या मैदानापेक्षा घराच्या दारातून तिच्याकडे पाहायचं ठरवलं आहे. ती एका बापाची लेक होती, दोन भावांची बहीण होती आणि स्वतःच्या पोटी मूल नसताना दोन पोरक्या मुलांची आई झाली. आणि आम्हा मानवत-पाथरीकरांसाठी तर ती परकी नाहीच.

पाथरीशी नातं

मानवतहून निघालं की थोड्याच वेळात पाथरी येतं. आज पाथरीचं नाव साईबाबांमुळे सगळीकडे पोहोचलं आहे. पण अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळही याच गावात होतं, हे आपल्या नव्या पिढीला कमी माहीत आहे. फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातला होता. त्याचं मूळ नाव तिमाभट. घरची माणसं विजयनगरच्या मुलखात गेली असताना तो बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, शिकला आणि बुद्धीच्या जोरावर बहमनी राज्याचा वजीर बनला. त्याचा मुलगा अहमद निजामशाह. त्याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभं केलं आणि अहमदनगर वसवलं.

गाव सुटलं तरी ओढ सुटली नाही. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. ते आमच्या वाडवडिलांचं गाव आहे, त्याबदल्यात दुसरा मुलूख घ्या, असा निरोप पाठवला. इमादशहाने नकार दिला. मग १५१८ मध्ये बुऱ्हाणने चढाई करून पाथरी घेतली आणि फरिश्त्याच्या सांगण्यानुसार ती आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिली. धर्म बदलला, तख्त मिळालं, तरी रक्ताची माणसं विसरली नाहीत. आज कोण कुठून आलं असं विचारणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

या बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशाह आणि हुसेनची मुलगी चाँदबीबी. म्हणजे पाथरीच्या तिमाभटाची ती खापरपणती. हिशेब लावला तर ती परभणी जिल्ह्याचीच लेक ठरते.

लाडकी लेक

चाँदचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील लढवय्ये आणि आई खुंजा हुमायूँ तितकीच कर्तबगार. चाँदला फारसी, अरबी, तुर्की, मराठी, कन्नड अशा भाषा येत, सतार वाजवता येई, फुलांची चित्रं काढता येत, असं परंपरेने सांगितलं जातं. घोड्यावर बसून बहिरी ससाणा हातावर घेतलेली चाँदबीबी हा तर पुढे दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय झाला. मुलीला पडद्याआड नुसतं बसवून ठेवणारं ते घर नव्हतं, एवढं नक्की.

पण राजघराण्यातल्या लेकीचं लग्न म्हणजे तह. निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एक व्हायचं ठरलं तेव्हा हे वैर मिटवण्यासाठी दोन लग्नं झाली. चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि अलीची बहीण चाँदच्या भावाला, मुर्तजाला दिली. सोलापूरचा किल्ला चाँदच्या आंदणात गेला. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, रामराया पडला. त्याच वर्षी हुसेन निजामशाहही वारला. नव्या घरात पाऊल टाकून थोडेच दिवस झाले आणि बापाचं छत्र गेलं.

अहमदनगरात मुर्तजा अजून लहान होता. राज्य आईने, खुंजा हुमायूँने, चालवायला घेतलं. काही वर्षं तिने कारभार केला, फौजेबरोबर मोहिमेवरही गेली. पण आपल्या माहेरच्या भावांना मोठी पदं दिली म्हणून सरदार बिथरले आणि १५६९ च्या सुमारास खुद्द मुर्तजाने आईला कैद केलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात तारीफ-ए-हुसेनशाही नावाचं सचित्र हस्तलिखित आहे. त्यात हुसेन निजामशहाशेजारी ही राणी काढलेली होती. बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकलेली दिसते. सत्ता हाती घेतलेल्या बाईचं काय होतं, याचा पहिला धडा चाँदने आपल्या आईच्या नशिबातच पाहिला.

पुतण्याची आई

विजापुरात चाँदबीबीचा मान होता. अली आदिलशहाने तिच्या नावाने १५७९ मध्ये पाण्याची मोठी बावडी बांधली. ती चाँद बावडी आजही तिथे आहे. आम्ही मराठवाड्याची माणसं. बायकोच्या नावाने पाण्याची सोय करणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

या जोडप्याला मूल झालं नाही. १५८० मध्ये अली आदिलशहाचा महालातच खून झाला आणि तख्तावर आला त्याच्या भावाचा मुलगा इब्राहीम. वय वर्षं नऊ. कारभार वजिराकडे आणि मुलाचं संगोपन-शिक्षण चाँदबीबीकडे, अशी वाटणी झाली.

इथून तिची खरी परीक्षा सुरू झाली. पहिला कारभारी कामिलखान थोड्याच दिवसांत मुजोर झाला. तिने हाजी किश्वरखानाच्या मदतीने त्याला दूर केलं. मग किश्वरखान त्याहून पुढे गेला. त्याने शाही मोहोर वापरून मुस्तफाखान या जुन्या सरदाराचा काटा काढला. चाँदबीबीने जाब विचारला तेव्हा माहेरी फितूर असल्याचा ठपका ठेवून तिला महालातून ओढून काढलं आणि साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. सुलतानाच्या विधवेला भर महालातून असं नेलेलं पाहून विजापूरची रयत खवळली. इखलासखान या हबशी सरदाराने फौज आणली, किश्वरखान पळाला आणि चाँदबीबी परत आली.

परत आली ती थेट वेढ्यात. घरातलं भांडण पाहून गोवळकोंडा आणि अहमदनगर या दोघांच्या फौजा विजापूरवर चालून आल्या. अहमदनगर म्हणजे तिचा सख्खा भाऊ मुर्तजा. एका बाजूला माहेर, दुसऱ्या बाजूला हाताशी सोपवलेलं पोर. तिने पोराची बाजू सोडली नाही. आपसात भांडणाऱ्या सरदारांना एकत्र करण्यासाठी शाह अबुल हसन याला पुढे आणलं. मराठा घोडेस्वारांना बोलावून वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली. सुमारे वर्षभर हेलपाटे खाऊन दोन्ही फौजा हात हलवत परत गेल्या.

पुढे दिलावरखानाने सत्ता बळकावली आणि चाँदबीबी बाजूला पडली. पण तिने वाढवलेला इब्राहीम वाया गेला नाही. हाच पुढे दख्खनचा सर्वात रसिक सुलतान म्हणून गाजला. संगीतावर किताब-ए-नवरस लिहिणारा, हिंदू-मुस्लिम दोन्ही परंपरांना आपलं मानणारा. मुलाचं नाव झालं की आपल्याकडे बापाचं कौतुक होतं. इब्राहीमच्या बाबतीत मात्र ज्या बाईने त्याच्या लहानपणी दारावर पहारा दिला, तिचं नाव आधी घ्यायला हवं.

भावाच्या दारी

१५८४ मध्ये दोन्ही घरांत पुन्हा सोयरीक झाली. इब्राहीमच्या बहिणीचं, खदीजाचं, लग्न मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन याच्याशी ठरलं. नवरीबरोबर पाठराखण म्हणून चाँदबीबी अहमदनगरला गेली. सुमारे २० वर्षांनी माहेर दिसलं. ज्या भावाने आईला कैद केलं, ज्याच्या फौजेने आपल्याला वेढलं, त्याच भावाच्या दारी ती वरातीसोबत गेली. नातं तोडायला कारणं खूप होती, तिने जोडायचं निवडलं.

पण त्या घराला घरघर लागली होती. मुर्तजाला तर लोक दिवाना म्हणत. १५८८ मध्ये मीरान हुसेननेच बापाला हमामात कोंडून मारलं आणि वर्षाच्या आत स्वतःही मारला गेला. मग दुसरा भाऊ बुऱ्हाण, जो पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता, तो १५९१ मध्ये तख्तावर आला. १५९५ मध्ये तोही गेला. त्याचा मुलगा इब्राहीम निजामशाह चार-पाच महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मागे राहिलं एक तान्हं मूल, बहादूर. चाँदबीबीच्या भावाचा नातू.

भावाच्या नातवासाठी

आता अहमदनगरात चार गट आणि चार दावेदार. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा शाही रक्ताचा म्हणून गादीवर बसवला आणि बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात ठेवलं. हबशी सरदारांनी बंड केलं तेव्हा घाबरून मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. संकट टळलं, पण निमंत्रण मागे घेता आलं नाही. घरच्या भांडणात बाहेरचा पंच बोलावला की काय होतं, ते अहमदनगरने पाहिलं.

मुरादची फौज येताना दिसली तेव्हा मंजू किल्ला अन्सारखानाच्या हवाली करून मदत आणायला बाहेर पडला. किल्ल्यात उरली चाँदबीबी. वय पंचेचाळिशीच्या आसपास. तिने अन्सारखानाचा बंदोबस्त केला, त्यात त्याचा जीव गेला, आणि किल्ल्यावरून बहादूरच्या नावाची द्वाही फिरवली. ते मूल तेव्हा शेकडो मैल नाही, पण डोंगरापलीकडे कैदेत होतं. स्वतःला सुलतान म्हणवून घ्यायची संधी समोर होती. तिने ती घेतली नाही. तख्त त्या पोराचं, आपण फक्त राखणदार, हाच तिचा हिशेब.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. मुघल छावणीतल्याच ख्वाजा मुहंमदखान शिराझी याला हे पाहवलं नाही, त्याने रात्री येऊन सुरुंगांच्या जागा सांगितल्या. चाँदबीबीने स्वतः उभं राहून खणून घेतलं आणि दोन सुरुंगांतली दारू काढून टाकली. तिसऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत तो उडाला. सुमारे ५० यार्ड तट कोसळला, सरदार मागे सरले. तेव्हा ते शाळेच्या पुस्तकातलं चित्र घडलं. ती पुढे झाली म्हणून बाकीचे पुढे झाले. संध्याकाळपर्यंत लढाई चालली, मुघल मागे हटले. आणि आम्हाला त्या तलवारीइतकीच महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची रात्र. रातोरात, मिळेल ते दगड, माती, लाकूड रचून तिने खिंडार पुरुषभर उंच बुजवून घेतलं. सकाळी मुरादने पाहिलं तर वाट बंद. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, अशी आख्यायिका आहे. चाँदबीबीची चाँद सुलताना झाली ती याच वेढ्यात. असं म्हणतात की शत्रूच्या छावणीतही तिला याच नावाने ओळखू लागले.

१५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मुघलांना, अहमदनगर बहादूरला. विजापूरहून इब्राहीमची फौज निघाली आहे ही खबरही मुरादला घाई करायला लावणारी होती. बहादूरला चावंडहून आणून तख्तावर बसवलं. अहमदचा दावा इब्राहीमने चौकशी करून निकाली काढला, पण त्या मुलाला मारलं नाही, जहागीर देऊन विजापुरात ठेवलं.

लढाई आपल्या जिल्ह्यात

तह झाला, पण टिकला नाही. वऱ्हाडाबरोबर मुघलांनी तहात नसलेला मुलूखही घेतला, त्यात आपलं पाथरी होतं. ज्या गावासाठी चाँदच्या आजोबाने लढाई केली, तेच गाव गेलं. तिकडे नवा पेशवा मुहंमदखान उलटला आणि मुघलांशी संधान बांधू लागला. चाँदबीबीने पुन्हा विजापूरला निरोप धाडला. जो मुलगा तिच्या मांडीवर शिकला, तो आता पंचविशीतला सुलतान होता. त्याने सुहेलखानाला मोठी फौज देऊन पाठवलं. गोवळकोंड्याची फौज आली, अहमदनगरची आली. १५ वर्षांपूर्वी एकमेकांना वेढणारी तीन राज्यं एका बाईच्या शब्दावर एका झेंड्याखाली उभी राहिली.

१५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी, फरिश्त्याने सोनपेठ म्हणून नाव दिलेल्या ठिकाणी, ही लढाई झाली. समोर होता अब्दुल रहीम खानखाना, ज्याला आपण दोह्यांचा कवी रहीम म्हणून ओळखतो. पहिल्या दिवशी सुहेलखानाला वाटलं आपण जिंकलो. मुघलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान पडला. रात्रभर दोन्ही फौजा अंधारात एकमेकांच्या जवळच थांबून राहिल्या. सकाळी खानखानाने पुन्हा हल्ला केला, सुहेलखान जखमी होऊन कोसळला आणि दख्खनी फौज मोडली. पाथरी, आष्टी, सोनपेठ या पट्ट्यातल्या काळ्या रानात दख्खनचं भवितव्य ठरलं. आज आपण तिथून कापसाच्या गाड्या नेतो, उसाच्या नेतो, पण त्या रानाचं हे देणं आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

अफवेने घेतलेला जीव

शेवट लवकर सांगावासा वाटत नाही, पण सांगायला हवा. सोनपेठनंतर पेशवा अभंगखान चाँदबीबीच्याच विरोधात गेला. तिला बाजूला करून मूल ताब्यात घ्यायचा त्याचा बेत होता. तिने किल्ल्याचे दरवाजे बंद केले. १५९९ मध्ये मुराद वारला. मग दुसरा शाहजादा दानियाल आणि खानखाना आले. खुद्द अकबर बऱ्हाणपुरापर्यंत आला. अभंगखान घाट सोडून जुन्नरकडे पळाला. १६०० साल उजाडलं तेव्हा चाँदबीबीजवळ ना फौज होती, ना भरवशाचा माणूस.

तिने परिस्थिती ओळखली. किल्ला लढवून सगळे मरण्यापेक्षा तह करावा, किल्ला द्यावा आणि लहान बहादूरला घेऊन जुन्नरला निघून जावं, असा विचार तिने जिताखान या किल्ल्यातल्या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखवला. मूल जगलं तर राज्य पुन्हा उभं राहील, हा आईचा हिशेब होता. जिताखान बाहेर पळाला आणि त्याने बोंब ठोकली की चाँदबीबी मुघलांना फितूर झाली. कोणी विचारलं नाही, कोणी खात्री केली नाही. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारलं.

चार वर्षांपूर्वी ज्या तटासाठी ती उभी राहिली, त्या तटाच्या आतल्याच लोकांनी तिचा जीव घेतला. ती गेल्यावर ऑगस्ट १६०० मध्ये सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. बहादूर निजामशाह ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. अफवा पसरवणाऱ्यांना ना किल्ला वाचवता आला, ना मूल. निजामशाहीचा झेंडा पुढे मलिक अंबरने उचलला, पण ती वेगळी कहाणी आहे.

आम्ही का आठवतो

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, डोंगरावर एक अष्टकोनी इमारत दिसते. लोक तिला चाँदबीबी महाल म्हणतात. खरं तर ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. पण लोकांनी नाव चाँदबीबीचं दिलं. चित्रांतून आईची आकृती पुसली गेली, आणि मुलीला मात्र लोकांनी दुसऱ्याची इमारत देऊन टाकली. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्यावर लिहिलेली कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४२ नंतर याच किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी आपल्या पुस्तकात तिची आठवण काढली.

आम्हाला तिची आठवण येते ती एका शब्दासाठी, अमानत. विजापूरचं तख्त इब्राहीमची अमानत होतं, अहमदनगरचं बहादूरची. दोन्हींवर बसायची ताकद तिच्यात होती. ती एकावरही बसली नाही. यतीम मुलाच्या मालाला हात न लावता तो सांभाळणं आणि वेळ आली की त्याच्या हाती देणं, याला आपल्या दीनमध्ये किती मोठं स्थान आहे, हे वाचकांना सांगायला नको. आपल्या गल्लीतही अशा बायका आहेत. भावाची मुलं वाढवणाऱ्या, दिराची मुलं शिकवणाऱ्या, ज्यांचं नाव कुठल्या कागदावर नसतं.

दुसरी गोष्ट अफवेची. बातमी आली की आधी खातरजमा करा, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी मिळाली आहे. तरी एका माणसाच्या बोंबेवर अहमदनगरच्या लोकांनी आपली सगळ्यात वफादार बाई मारली. आज ती बोंब मोबाईलवर येते, एवढाच फरक. फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी चाँदबीबीच्या महालाचं दार एकदा आठवावं.

मानवत, पाथरी, सोनपेठ या भागातल्या शाळांनी, मदरशांनी आणि वाचनालयांनी ही कहाणी मुलींना आणि मुलांनाही जरूर सांगावी. पाथरीच्या एका कुलकर्ण्याची खापरपणती, दख्खनी मुसलमान घरातली लेक, मराठी आणि कन्नड मुलखाला जोडणारी सून. तिला एका रंगात बसवता येत नाही, आणि म्हणूनच ती आपली आहे.

अल्लाह तआला मरहूमा चाँदबीबीची मगफिरत करो, आणि आपल्या घरांतल्या ज्या माता-बहिणी दुसऱ्यांच्या अमानती सांभाळत आहेत, त्यांना त्याचं फळ देवो. आमीन.